परकीय चलनातल्या बिलांची जुळवणी : बट्टा पैशाला लागतो, नावाला लागू नये



अकरावी वाणिज्यच्या पुस्तपालनात 'बँक जुळवणी पत्रक' हा धडा आहे. आपल्या रोकड वहीत बँकेची शिल्लक एक दिसते, बँकेच्या पासबुकात दुसरीच दिसते. दोन्ही का जुळत नाहीत ते शोधायचं आणि कारणासह मांडायचं, एवढाच तो धडा. मुलं तो पाठ करतात. 'दिलेला पण न वटलेला धनादेश', 'बँकेने परस्पर लावलेलं शुल्क' अशा ठरलेल्या पाच-सहा कारणांची बेरीज-वजाबाकी केली की गुण मिळतात. पण खऱ्या कामात हा धडा कुठे लागतो, ते मुलांपर्यंत पोचत नाही.

आज त्याच धड्याचं एक वेगळं रूप घेऊ. हॉटेलात उतरलेल्या परदेशी पाहुण्याने डॉलर, युरो किंवा येनमध्ये पैसे दिले, तर त्या पैशांची जुळवणी कशी करायची?

हा पाठ अकरावी-बारावीसाठी आहेच. सातवी-आठवीला गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी शिकवतानाही त्यातला पहिला अर्धा भाग चालेल.

वाशिमच्या मुलांना हे कशाला?

पालक हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. वाशिम हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) यांच्यासोबत आपलं नाव आहे. इथली मुलं बारावीनंतर किंवा पदवीनंतर पुणे, छत्रपती संभाजीनगर, गोवा, काही तर थेट आखातात कामाला जातात. हॉटेलचा गल्ला, स्वागतकक्ष, हिशेब विभाग ही त्यांच्या पहिल्या नोकरीची नेहमीची ठिकाणं. तिथे पहिल्याच महिन्यात परकीय चलन हातात पडू शकतं.

दुसरं म्हणजे परदेशी पाहुणा आपल्यापासून फार लांब नाही. रिसोडच्या पलीकडे बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. उल्कापाताने तयार झालेलं हे विवर पाहायला जगभरचे अभ्यासक येतात, आणि २०२० मध्ये ते रामसर स्थळही झालं. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंजा लाडचं श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, पोहरादेवी या ठिकाणी परदेशात स्थायिक झालेली आपली माणसं दर्शनाला येतात.

अजिंठ्याशी तर वाशिमचं जुनं नातं आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. ते लेणं पाहायला आलेला जपानी किंवा जर्मन पाहुणा रात्री फर्दापूरला नाहीतर संभाजीनगरला मुक्काम करतो, आणि सकाळी काउंटरवर बिल भरतो. त्या काउंटरमागे उद्या आपला विद्यार्थी असू शकतो.

आधी शब्द : मेळ, ताळा, बट्टा

या पाठासाठी लागणारे शब्द मराठीत जुनेच आहेत. रोजच्या जमा-खर्चाची वही म्हणजे रोजमेळ. हिशेब बरोबर आहे की नाही हे उलट्या बाजूने तपासणं म्हणजे ताळा करणं. आणि एक नाणं देऊन दुसरं घेताना सराफ जी रक्कम कापून घ्यायचा, ती म्हणजे बट्टा.

हाच शब्द पुढे माणसाच्या अब्रूला चिकटला. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो. नाण्याची किंमत जशी बट्ट्याने कमी होते, तशी माणसाची पत कमी झाली, असा तो अर्थ. आजचा पाठ या दोन बट्ट्यांमधल्या फरकाचा आहे. चलन बदलताना रक्कम थोडी कमी-जास्त होणारच, तो पैशाचा बट्टा. पण तो कशाचा आहे हे लिहून ठेवलं नाही, तर काउंटरवरच्या पोराच्या नावाला बट्टा लागतो.

आपल्याच सीमेवरचा जुना धडा : हाली आणि कलदार

परकीय चलन म्हटलं की मुलांना विमानतळ आठवतो. त्यांना सांगा, की तुमच्या पणजोबांच्या काळी वाशिमहून हिंगोलीला गेलं तरी चलन बदलायचं.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. त्यामुळे वाशिम इंग्रजी अमलाखाली आलं आणि शेजारचं हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिलं. इकडे इंग्रजी रुपया चालायचा. तो यंत्रावर पाडलेला, म्हणून लोक त्याला 'कलदार' म्हणत. तिकडे निजामाचा 'हाली सिक्का' चालायचा. दोन्हींना रुपयाच म्हणत, पण किंमत सारखी नव्हती. हिशेबाला ठोकळ प्रमाण असं, की ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर हाली चलन हळूहळू बंद करण्यात आलं, तेव्हाही हेच ७ ला ६ प्रमाण धरलं गेलं.

फळ्यावर हे गणित घ्या. १०० कलदार म्हणजे किती हाली? १०० × ७ ÷ ६ = ११६ पूर्णांक दोन तृतीयांश. जुन्या हिशेबात ११६ रुपये १० आणे ८ पै. (रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. दोन तृतीयांश रुपयाचे आणे-पै मुलांकडूनच काढून घ्या.)

आता मुलांना विचारा, हिंगोलीच्या व्यापाऱ्याने वाशिमात ६ कलदारचा माल घेऊन ७ हाली दिले आणि दुकानदाराने वहीत नुसतं 'रु. ७ जमा' असं लिहिलं, तर काय होईल? संध्याकाळी गल्ला मोजला तर नाणी ७ निघतील. विक्री मात्र ६ रुपयांची. एक रुपया जास्त कसा? दुकानदाराने तो नफा समजून खर्च केला, तर दुसऱ्या दिवशी सराफ ७ हालीचे फार तर ६ कलदारच देणार, वर बट्टाही कापणार.

चूक कुठे झाली? दोन वेगळ्या चलनांची बेरीज एकाच रकान्यात झाली. यातूनच या पाठाचा पहिला नियम येतो :

डॉलर डॉलरशी जुळवा, रुपया रुपयाशी. मगच दर लावा.

दर कुणाचा?

मुलं हमखास अडखळतात ती जागा म्हणजे खरेदी दर आणि विक्री दर. पाहुणा डॉलर देतो, रुपये घेतो. मग हा खरेदी दर की विक्री दर? सोपं सूत्र सांगा. दराचं नाव नेहमी चलन बदलून देणाऱ्याच्या बाजूने असतं. तो डॉलर घेतो, म्हणजे डॉलर खरेदी करतो, म्हणून खरेदी दर. खरेदी दर कमी असतो, विक्री दर जास्त. मधला फरक ही त्याची कमाई, जुन्या भाषेत बट्टा.

या दोन्हींच्या मध्ये एक संदर्भ दर असतो. पूर्वी तो रिझर्व्ह बँक जाहीर करायची. १० जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था डॉलर, पौंड, युरो आणि येनचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. येनचा दर १०० येनमागे सांगतात, हे मुलांकडून पक्कं करून घ्या. इथे दोन शून्यांचा घोळ होतो.

दर रोज बदलतो, हेही तसं अलीकडचं. ५ जून १९६६ पर्यंत एक डॉलर ४.७६ रुपयांचा होता. ६ जूनला सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर ७.५० रुपयांचा झाला. म्हणजे १० डॉलरची नोट आदल्या दिवशी ४७.६० रुपयांची, दुसऱ्या दिवशी ७५ रुपयांची. गल्ल्यात नोट तीच! मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला गेला. तेव्हापासून असे बदल लहान, पण रोजचे झाले.

कायद्याचं थोडक्यात

परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा, तो १ जून २००० पासून अमलात आला. चलन बदलून देण्याचा व्यवसाय रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्यालाच करता येतो. त्यामुळे हॉटेलकडे तशी परवानगी असावी लागते, किंवा ते परवानाधारकाचे प्रतिनिधी असावे लागतात. प्रत्येक व्यवहाराची पावती, म्हणजे चलन बदलल्याचा दाखला, पाहुण्याला द्यायचा. उरलेले सुटे पैसे रुपयांतच परत करायचे. शिवाय परदेशी पाहुणा उतरल्यावर २४ तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये कळवावी लागते. या फॉर्मचा हिशेबाशी थेट संबंध नाही, पण जुळवणी करताना पाहुण्याचं नाव, राष्ट्रीयत्व आणि मुक्कामाच्या तारखा ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

आता तीन उदाहरणं घेऊ. यातले दर आणि शुल्क गणित सोपं व्हावं म्हणून धरलेले आहेत. वर्गात घेताना त्या दिवशीचा दर वर्तमानपत्रातून घ्या.

उदाहरण १ : पाहुण्याने डॉलरच्या नोटा दिल्या

खोलीचं भाडं रोजचं ४,५०० रुपये, दोन रात्री. ९,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ४५०. एकूण बिल ९,४५० रुपये. पाहुण्याने १०० ची एक आणि २० ची एक, अशा १२० डॉलरच्या नोटा दिल्या. हॉटेलचा खरेदी दर ८६ रुपये.

१२० × ८६ = १०,३२० रुपये.

चलन बदलण्याच्या सेवेवरही जीएसटी आहे. तो पूर्ण रकमेवर नसतो, ठरवून दिलेल्या मूल्यावर असतो. त्याची एक पद्धत अशी : एक लाखापर्यंतच्या रकमेला १ टक्का, पण किमान २५० रुपये हे मूल्य धरायचं आणि त्यावर १८ टक्के कर लावायचा. इथे १ टक्का म्हणजे १०३.२० येतात, म्हणून किमान मूल्य २५० धरलं. कर ४५ रुपये.

पाहुण्याला परत : १०,३२० − ९,४५० − ४५ = ८२५ रुपये.

ताळा करू : बिल ९,४५० + कर ४५ + परत ८२५ = १०,३२०. जुळलं.

रात्री पाळी बदलताना काय मोजायचं? डॉलरच्या पाकिटात १२० डॉलर आहेत का? आहेत. रुपयांच्या गल्ल्यातून ८२५ गेले का? गेले. दोन्ही बाजू जुळल्या की काउंटरवरच्या माणसाचं काम बरोबर झालं. इथे सही घ्यायची आणि सही द्यायची.

तीन दिवसांनी हॉटेलने हे १२० डॉलर बँकेला दिले. बँकेचा दर त्या दिवशी ८५.२५ होता.

१२० × ८५.२५ = १०,२३० रुपये.

वहीत १०,३२०, बँकेत १०,२३०. फरक ९० रुपये. हे ९० रुपये कुणी खाल्ले? कुणीच नाही. डॉलर १२० च होते आणि १२० च बँकेत गेले. फरक तीन दिवसांतल्या दराचा आहे. तो 'विनिमय फरक' म्हणून नफा-तोटा खात्याला न्यायचा. लेखामानक ११ मध्येही हेच सांगितलं आहे.

आता उलट बघा. बँकेचा दर ८७.१० असता तर १०,४५२ रुपये मिळाले असते, म्हणजे १३२ रुपये जास्त. मुलांना विचारा, हे १३२ रुपये कॅशियरने घरी न्यायचे का? सगळी 'नाही' म्हणतील. मग ९० रुपये त्याने भरायचे का? इथे वर्ग जरा शांत होतो. ज्याला नफ्यात वाटा नाही, त्याच्यावर दराचा तोटा टाकता येत नाही, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

उदाहरण २ : पाहुण्याने परदेशी कार्ड वापरलं

तेच ९,४५० रुपयांचं बिल, पण जर्मन पाहुण्याने आपल्या बँकेचं कार्ड दिलं. यंत्रावर ९,४५० रुपये टाकले. त्याच्या खात्यातून युरो गेले. किती गेले, कोणत्या दराने गेले, तो त्याचा आणि त्याच्या बँकेचा विषय. हॉटेलला रुपयेच मिळणार आहेत.

दोन दिवसांनी बँकेत ९,११५.४७ रुपये जमा झाले. फरक ३३४.५३. नवखा माणूस लगेच युरोचा दर शोधत बसतो. इथे दराचा काही संबंधच नाही. बँकेने कार्डाचं शुल्क कापलं आहे. शुल्क ३ टक्के धरलं तर २८३.५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५१.०३. बेरीज ३३४.५३. पूर्ण जुळलं.

कधी कधी यंत्र पाहुण्याला विचारतं, 'रुपयांत भरायचे की तुमच्या चलनात?' त्याने युरो निवडले तर बदलाचा दर तिथेच ठरतो, आणि तो बहुतेक वेळा पाहुण्याला महाग पडतो. ही निवड पाहुण्याची आहे. त्याच्या वतीने आपणच बटण दाबू नये, हे मुलांना जरूर सांगा.

उदाहरण ३ : परदेशातून आगाऊ रक्कम आली

परदेशातल्या एका प्रवासी कंपनीने गटासाठी ५०० युरो आगाऊ पाठवले. कळवलं त्या दिवशी दर १०० रुपये होता, म्हणून वहीत ५०,००० रुपये येणे दाखवले. प्रत्यक्षात बँकेत ४८,९८५ रुपये आले. फरक १,०१५.

हा फरक एका कारणाचा समजून लिहिला तर चुकेल. बँकेचा दाखला उघडून पाहिला, की दिसतं : वाटेतल्या बँकेने १५ युरो कापले, हातात ४८५ युरो आले, आणि ते १०१ रुपये दराने बदलले.

वाटेतलं शुल्क : १५ × १०० = १,५०० रुपये तोटा.
दरातली वाढ : ४८५ × १ = ४८५ रुपये फायदा.
एकूण : १,५०० − ४८५ = १,०१५. जुळलं.

म्हणजे १,०१५ या एका आकड्यात दोन उलट दिशांचे फरक दडलेले होते. ते वेगळे केले म्हणून कळलं, की पुढच्या वेळी पैसे पाठवणाऱ्याला 'वाटेतलं शुल्क तुमच्याकडे' असं आधीच सांगायला हवं. नुसतं 'विनिमय तोटा १,०१५' असं लिहिलं असतं, तर दर वाढलेला असूनही तोटा झाला अशी खोटी नोंद राहिली असती आणि दर वेळी १५ युरो जात राहिले असते.

फरकाला नाव द्या

तिन्ही उदाहरणं झाली, की फळ्यावर ही यादी मुलांकडूनच काढून घ्या.

१. दराचा फरक : घेतलं त्या दिवसाचा दर आणि बँकेत दिलं त्या दिवसाचा दर वेगळा.
२. शुल्काचा फरक : कार्डाचं शुल्क, वाटेतल्या बँकेची कपात, त्यांवरचा कर.
३. तारखेचा फरक : हॉटेलचा दिवस रात्रीच्या हिशेबानंतर बंद होतो, बँकेचा वेगळ्या वेळी. शनिवारी रात्री घेतलेले पैसे सोमवारी किंवा मंगळवारी दिसतात.
४. लिहिण्यातला फरक : आकडा उलटा पडणं, येनचा दर १०० मागे न धरणं, डॉलरची रक्कम रुपयांच्या रकान्यात जाणं.
५. खरी तूट : नोट कमी असणं, खोटी निघणं, फाटकी म्हणून न स्वीकारली जाणं, पैसे हरवणं किंवा जाणं.

पहिल्या चार फरकांत कुणाच्याही प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. पाचव्यातही लगेच नाही. आणि पाचवा फरक ओळखण्याची खूण एकच : चलन त्याच्या स्वतःच्या संख्येत मोजल्यावर कमी भरतं. १२० डॉलरच्या जागी १०० निघाले, तर ती तूट. १२० चे १२० निघाले आणि रुपये कमी आले, तर ती तूट नाही.

आणि पगारातून कापलं तर?

लहान हॉटेलांत, लॉजवर, पेट्रोल पंपावर, दुकानात एक पद्धत सर्रास दिसते. संध्याकाळी हिशेब जुळला नाही, की 'पोराच्या पगारातून कापा'. पोरगं नवीन असतं, घरापासून लांब असतं, भांडायला शब्द नसतात. ते एकतर गप्प बसतं, नाहीतर पुढच्या वेळी हिशेब जुळावा म्हणून आकडा फिरवायला शिकतं. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते. फरक दिसला की मार बसतो हे कळल्यावर माणूस फरक लपवतो, आणि लपवलेल्या फरकाच्या आड खरी चोरी सापडत नाही. त्यात मालकाचंही नुकसान आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वेतन अदायगी कायदा १९३६ नुसार, ज्या पैशांचा हिशेब देणं कामगाराचं काम आहे त्यांची हानी थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे झाली असेल, तरच पगारातून कपात करता यायची. तीही त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही हीच तत्त्वं आहेत. दर पडला हा कुणाचाही निष्काळजीपणा नव्हे.

पण म्हणणं मांडायची संधी मिळाली, तरी मांडायला कागद लागतो. तारीख, पावती क्रमांक, खोली क्रमांक, चलन, नोटांची संख्या, लावलेला दर आणि रुपये, एवढे सात रकाने ज्याने रोज भरले, त्याला वाद घालावा लागत नाही. तो वही पुढे करतो.

वर्गात कसं घ्यायचं

दोन तासिका पुरतात. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांच्या नोटा करा : डॉलर हिरव्या, युरो निळ्या, रुपये पांढऱ्या. चार-चार मुलांचे गट करा. एक पाहुणा, एक काउंटरवर, एक हिशेब विभागात, एक बँकेत.

पहिल्या तासिकेत प्रत्येक गटात पाच व्यवहार होऊ द्या आणि सात रकान्यांची नोंदवही भरून घ्या. दुसऱ्या तासिकेला बँकेतल्या मुलाला वेगळा दर द्या. एका गटाच्या पाकिटातून, कुणाला न सांगता, स्वतः एक नोट काढून घ्या. मग प्रत्येक गटाने आपला फरक कोणत्या नावाचा आहे ते सांगायचं. नोट काढलेल्या गटाने 'दराचा फरक' म्हटलं, तर डॉलर मोजायला लावा. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडेल. नोट तुम्ही काढली होती हे तासिका संपायच्या आत सांगून टाका. खेळातसुद्धा कुणावर संशय राहू देऊ नका.

गुण देताना शेवटच्या उत्तराला कमी आणि फरकाचं कारण वेगळं करून लिहिण्याला जास्त द्या.

स्वाध्याय

१. ४२ हाली रुपयांचे कलदार किती? ९० कलदारचे हाली किती?
२. येनचा दर १०० येनला ६० रुपये आहे. पाहुण्याने १५,००० येन दिले. रुपये किती?
३. काउंटरवर ११२ रुपये दराने १०० पौंड घेतल्याची नोंद आहे. बँकेत देताना पाकिटात ९० पौंडच निघाले आणि बँकेचा दर १११.४० होता. एकूण फरक किती? त्यात तूट किती, दराचा फरक किती?
४. ८०० डॉलर येणे, धरलेला दर ८६. वाटेत २० डॉलर कापले गेले, उरलेले ८५.५० दराने बदलले. फरक काढा आणि दोन भागांत मांडा.

उत्तरं

१. ३६ कलदार, १०५ हाली.
२. ९,००० रुपये. (९ लाख आले असतील तर १०० ने भागायचं राहिलं.)
३. नोंद ११,२००, मिळाले १०,०२६, फरक १,१७४. तूट १० × ११२ = १,१२०. दराचा फरक ९० × ०.६० = ५४.
४. धरलेले ६८,८००, मिळाले ६६,६९०, फरक २,११०. शुल्क २० × ८६ = १,७२०. दराचा फरक ७८० × ०.५० = ३९०.

तिसरं उदाहरण फळ्यावर सावकाश सोडवा. त्यात १,१७४ पैकी ५४ रुपयांचा जाब त्या मुलाला विचारता येत नाही, आणि १,१२० रुपयांचा विचारावाच लागतो. जुळवणी दोन्ही बाजूंनी न्याय करते, हे त्या एका उदाहरणात दिसतं.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी गल्ल्यावरच्या कामाला लागली, मग ते हॉटेल असो, मेडिकल असो की घरचंच किराणा दुकान, तर पहिल्या आठवड्यात एक वही घेऊन द्या. रोज रात्री फोनवर 'हिशेब जुळला का?' असं विचारण्याऐवजी 'आज फरक कशाचा होता?' असं विचारा. फरक सांगायला भीती वाटत नाही, अशी सवय घरातूनच लागते.